मांजरीचं नाक कायम चोंदलेलं, डॉक्टर हर्पिस विषाणू म्हणतात. रोजचं कसं सांभाळायचं?

भुसावळची_मनी

राम राम मंडळी. मांजरी ४ वर्षांची, वजन ३.४ किलो, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, घराबाहेर जात नाही. पिल्लू होती तेव्हा डोळे चिपडांनी बंद व्हायचे. तेव्हापासून नाक पूर्ण मोकळं असं कधी झालंच नाही. झोपेत घरघर, मधूनच शिंकांची लड, शेंबूड कधी पाण्यासारखा तर कधी घट्ट पिवळा-हिरवा, दोन्ही नाकपुड्यांतून. डावा डोळा अधूनमधून पाणावतो. डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक सुरू असेपर्यंत बरं असतं, बंद केलं की पंधरवड्यात पुन्हा तेच.

हे कायमचं बरं होतं का? मेडिकलवाला म्हणतो, माणसाच्या हर्पिसची असायक्लोव्हिरची गोळी पाव-पाव द्या. लायसिनची पावडर घ्यावी का? वाफेत निलगिरी टाकली तर चालेल? घरात लहान मूल आहे, त्याला धोका? आणि आता उन्हाळा लागेल, कूलर सुरू होईल, त्याचं काय करायचं?

तापीकाठ

ताई, आधी असायक्लोव्हिरचं बघा, कारण ते तातडीचं आहे. ती गोळी देऊ नका. मांजराच्या हर्पिसवर तिचा प्रभाव फार कमी, उलट अस्थिमज्जा आणि किडनीवर घाव बसतो. व्हॅलासायक्लोव्हिर तर त्याहून वाईट, मांजरं दगावतात त्यानं. नाव सारखं म्हणून औषध सारखं, हा हिशोब मांजराला लागू पडत नाही. तसंच पॅरासिटामॉल. सर्दी-तापाच्या लहान मुलांच्या सिरपमध्ये ते असतंच, आणि मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते.

मांजराला तोंडावाटे चालणारं औषध म्हणजे फॅमसायक्लोव्हिर. साधारण डोस किलोमागे ९० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. तुमच्या मांजरीच्या ३.४ किलोला ३०६ मिलीग्रॅम होतात, म्हणजे २५० च्या गोळीची सव्वा गोळी. किती दिवस द्यायची ते डॉक्टर ठरवतील, बहुधा दोन-तीन आठवडे. आधी रक्त तपासून क्रिएटिनिन बघून घ्या, किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. गोळी कडू आहे. तुकडा जिभेला लागला की तोंडाला फेस येतो, लोक रिअॅक्शन समजून घाबरतात. रिकाम्या जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरून द्या, हा प्रश्न संपतो.

पण हे औषध विषाणू जागा झालेला असतानाच कामाचं. विषाणू जात नाही. एकदा लागण झाली की तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो आणि ताण आला की बाहेर पडतो. ताण आणि शिंका यांत साधारण आठवड्याचं अंतर असतं, म्हणून कारण लक्षात येत नाही. लक्ष्मीपूजनाला फटाके वाजले तर नाक भाऊबीजेनंतर वाहायला लागतं, आणि आपण दोष देतो थंडीला. पाहुणे, घराची रंगरंगोटी, नवं मांजर, बिऱ्हाड बदलणं, सगळ्यांचा हिशोब असाच मागे जाऊन लावायचा.

आता डॉक्सिसायक्लीन बंद केलं की पुन्हा तेच का होतं? नाकाच्या आत कागदाच्या पुंगळीसारख्या गुंडाळलेल्या पातळ हाडांच्या घड्या असतात, वर ओलसर अस्तर. या विषाणूला शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून तो तिथेच वाढतो. पिल्लूपणी जोराची लागण झाली तर अस्तर आणि हाडं दोन्ही झिजतात. मग शेंबूड पुढे ढकलणारी व्यवस्थाच मोडते, तो साचतो, साचलेल्यात जिवाणू वाढतात. डॉक्सिसायक्लीन त्या जिवाणूंना मारतं, मोडलेलं नाक दुरुस्त करत नाही. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. आवाज थोडा राहणारच. मांजर जेवतंय, खेळतंय, वजन टिकून आहे, एवढं साधलं तर उपचार यशस्वी म्हणायचे.

डॉक्सिसायक्लीन देताना एक सांभाळा: कोरडी गोळी घशाखाली अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आवळते, मग मांजर गिळलेलं उलटून टाकायला लागतं. गोळीनंतर लगेच सिरिंजने ५-६ मिली पाणी किंवा थोडं ओलं खाणं द्याच. दुधातून देऊ नका, कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही.

लायसिन सोडा. २०१५ मध्ये त्यावरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा निघाला, उपयोग दिसला नाही. पैसे नेब्युलायझरला घाला, म्हणजे सलाइनचा बारीक फवारा करणाऱ्या मशीनला.

मुलाला हा विषाणू लागत नाही.

कपाशी_आणि_बोका

मशीनचं मी लिहितो, कारण रोजचं खरं काम तेच आहे.

नेब्युलायझर दोन प्रकारचे. कॉम्प्रेसरवाला स्वस्त, टिकाऊ, पण घर्रर्र आवाज करतो आणि त्यानं बरीच मांजरं बिथरतात. जाळीवाला छोटा, जवळपास आवाज नाही, पण जाळी लवकर चोंदते. घाबरट मांजराला जाळीवालाच बरा. औषध म्हणून फक्त नॉर्मल सलाइन, ०.९ टक्के. मेडिकलमध्ये ‘एनएस’ म्हणून मिळतं. मोठी बाटली फोडून आठवडाभर पुरवू नका, छोट्या प्लास्टिकच्या कुप्या मिळतात त्या घ्या, उघडली की उरलेलं फेकायचं. ३ टक्क्यांचं सलाइन घेऊ नका, त्यानं खोकल्याची ढास लागते. मुलाच्या नेब्युलायझरचं औषधही त्यात ओतू नका: ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आहे, ते विषाणूला आयतं मोकळं रान देतं, आणि सॅल्ब्युटामॉल छातीच्या नळ्या उघडतं, नाक नाही.

मांजर तिच्या नेहमीच्या पिंजऱ्यात किंवा वेताच्या टोपलीत बसवा, वरून सुती चादर टाका, एका बाजूला चार बोटं फट ठेवा. मशीनच्या कपात ३ ते ४ मिली सलाइन, निघणारा फवारा फटीतून आत. ८-१० मिनिटं पुरतात. दिवसातून दोनदा, फार भरलं असेल तर तीनदा. पहिले काही दिवस मशीन नुसतं बाजूला चालू ठेवून खाऊ द्या, मग नळी जवळ आणा. मास्क तोंडावर दाबून धरायचा नाही. झटापटीचा ताण झाला तर वर तापीकाठनी लिहिलेलं चक्रच फिरायला लागतं.

नेब्युलायझेशननंतर पाच-दहा मिनिटांत शिंका येतील, गोळे बाहेर पडतील. हे हवंच आहे. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं नाकपुडी पुसा, वाळलेली खपली ओढून काढू नका, खालची कातडी सोलते. मग लगेच जेवण. नाक उघडं असतानाच वास येतो, आणि वास आला तरच मांजर खातं.

कप रोज गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. ओला ठेवला तर त्यातच जिवाणू वाढतात आणि आपणच ते नाकात फवारतो. पुन्हा पुन्हा हिरवा शेंबूड येण्याचं एक कारण हेच असतं.

निलगिरी, कापूर, पुदिन्याचा अर्क, छातीला चोळायचं मलम, ओव्याची धुरी यातलं काहीच नको. मांजराच्या यकृताला ही तेलं पचत नाहीत, अंगावर बसलेलं मांजर चाटूनही पोटात घेतं.

चाळीसगाव_टेशन

मशीन नसेल तर न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून दहा मिनिटं बसवलं तरी चालतं. सगळ्यांनाच विकत घेणं जमत नाही.

कपाशी_आणि_बोका

भाऊ, दिवाळी ते होळी चालेल. एप्रिल-मे मध्ये नको. भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर असतो, आणि मांजराला घाम जवळपास फक्त पंजांच्या तळव्यांतून येतो. नाक बंद असलेलं जनावर दमट, गरम खोलीत कोंडलं तर धापा टाकायला लागेल. उन्हाळ्यात नेब्युलायझरसुद्धा पहाटे आणि रात्री उशिरा, चादर पातळ. मशीन परवडत नसेल तर सलाइनचे थेंब आहेतच, एकेका नाकपुडीत एक-दोन, दिवसातून तीनदा. थेंब नाकपुडीच्या तोंडाशी ठेवायचा, मांजर स्वतः आत ओढतं.

चाळीसगाव_टेशन

हे बरोबर. थेंबांवरून एक: मुलांची नाक मोकळं करणारी ऑक्सिमेटाझोलीनची ड्रॉप्स डॉक्टर कधीकधी सांगतात, ०.०२५ टक्केवाली, दिवसाला एक थेंब, जास्तीत जास्त तीन दिवस. पुढे ओढलं तर नाक उलट आणखी चोंदतं. मोठ्यांची ड्रॉप्स दुप्पट तीव्र असतात, ती नकोत.

डोळ्याचं कुणी लिहिलं नाही. डावा डोळा पाणावतो तेवढ्यावर थांबलंय तर सलाइननं पुसणं पुरे. पण डोळा मिटून धरला, बुबुळावर निळसर झाक आली, पंजानं घासायला लागली, तर त्याच दिवशी दाखवा. हा विषाणू बुबुळावर फांद्या फुटल्यासारखे व्रण करतो. डॉक्टर हिरवी चमक देणारा फ्लुरेसिन रंग घालून बघतात, नसेल पाहिला तर विचारा. घरातली जुनी आय ड्रॉप्स घालायच्या आधी खोक्यावरची घटक-नावं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, असं शेवटी ‘सोन’ किंवा ‘लोन’ दिसलं की ते स्टेरॉइड. व्रण असताना ते घातलं तर बुबुळ फुटू शकतं. विषाणूसाठी डोळ्यात घालायची गॅन्सायक्लोव्हिरची ०.१५ टक्क्यांची जेल माणसांसाठी मिळते, मांजरांनाही वापरतात, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

भुसावळची_मनी

मनापासून आभार. खाण्याचं विचारायचं राहिलं. नाक भरलं की ताटलीजवळ जाते, हुंगते आणि परत फिरते. दूध-पोळी मात्र थोडी चाटते. आणि कूलर?

तापीकाठ

दूध-पोळीवर मांजर जगवू नका. हुंगून परत फिरणं म्हणजे भूक आहे, वास नाही. खाणं अंगाच्या उष्णतेइतकं कोमट करा, ३७-३८ अंश, मनगटावर थेंब टाकला तर गरम-गार काहीच वाटू नये इतपत. उकडलेलं चिकन किंवा त्याचं कालेजं, मीठ-कांदा-लसूण काही नाही. लसूण-कांदा मांजराच्या रक्तपेशी फोडतो, म्हणून आपल्या घरच्या रश्शातले तुकडे धुऊनसुद्धा नकोत. वासासाठी बाजारातला सुका जवळा दोनदा पाण्यातून काढून, तव्यावर कोरडा परतून चिमूटभर वरून भुरभुरा. एवढ्यानं बऱ्याच वेळा काम होतं. खाण्यात पाणी वाढवा, अंगात पाणी असेल तर शेंबूड पातळ राहतो.

पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर फोन करा, दोन दिवसांवर तर थांबायचंच नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मूळ आजारापेक्षा तेच भारी पडतं. भूक लागायचं मिर्टाझापिन डॉक्टर देऊ शकतात. किचनमधला वजनकाटा असेल तर दर रविवारी टोपलीसकट वजन करून लिहून ठेवा. ३.४ चं ३.२ झालं तर डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं.

कूलर वाईट नाही. ओलसर हवा तिच्या नाकाला कोरड्या एसीपेक्षा बरीच. घाण कूलर वाईट. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या हंगामाच्या सुरुवातीला नव्या, पाणी रोज बदललेलं, झोत तिच्या जागेवर नाही. खिडकीबाहेर कच्चा रस्ता किंवा कापसाची जिनिंग मिल असेल तर कूलर त्या बाजूला लावू नका, कापसाचे तंतू आणि धूळ थेट आत येते.

बाकी घरातला धूर मोजा. मच्छर अगरबत्ती, धूप, मिरची कांडताना उडणारा खाट. हिवाळ्यात भरिताच्या वांग्यांसाठी काटक्या पेटवल्या की मांजर वरच्या खोलीत, दार बंद. तिच्या शी-शूच्या पेटीतलं लिटर मातीचं असेल तर ओतताना धूळ उडते, लाकडाच्या गोळ्यांचं घ्या. फरशीला फिनाइल नको, पंजावरून चाटून पोटात जातं. साधं ब्लीच लिटरभर पाण्यात ३० मिली, पुसून झाल्यावर साध्या पाण्यानं पुन्हा पुसा, वाळेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा. विषाणू त्यानं मरतो, तसाही शरीराबाहेर तो दिवसभरसुद्धा टिकत नाही.

कपाशी_आणि_बोका

एवढं करूनही फरक नसेल तर पुढचं सांगून ठेवतो. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजराची प्रतिकारशक्ती पाडणाऱ्या दोन्ही विषाणूंची रक्ताची झटपट चाचणी एकदा करून घ्या. विषाणू शोधणाऱ्या पीसीआर चाचणीवर पैसे घालू नका, ठणठणीत मांजरातही हर्पिस पॉझिटिव्ह येतो, उपचार बदलत नाही. नाकाच्या टोकाचा स्वॅबही निरुपयोगी, तिथे कुठलेही जिवाणू सापडतात. भूल देऊन नाक आतून धुतात तेव्हा खोलातला नमुना कल्चरला (जिवाणू वाढवून ओळखायला) पाठवला तर अर्थ आहे, आणि त्या धुण्यानंच पुष्कळ दिवस आराम पडतो. त्या कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक द्यायचं ठरलं तर ते सहा-आठ आठवडे चालतं, पाच दिवसांच्या तुकड्या-तुकड्यांनी जिवाणू फक्त चिवट होतात.

सध्या दोन्हीकडून वाहतंय, ठीक. एकाच नाकपुडीतून वाहायला लागलं, रक्त आलं किंवा नाकाचा कणा एका बाजूला सुजला तर ते हर्पिसच्या खात्यावर टाकू नका. पॉलिप (मांसल कोंब), अडकलेलं कुसळ, सुळ्याच्या मुळाशी पू, बुरशी, गाठ, काहीही असू शकतं. त्याला सीटी स्कॅन किंवा दुर्बीण लागते, म्हणजे मुंबई-पुणे. प्रवासाआधी शांत करायचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर मात्र कुठलाही दवाखाना, जवळचा, लगेच.

चाळीसगाव_टेशन

आणि लस चुकवू नका. हर्पिस, कॅलिसी आणि पॅनल्यूकोपेनिया या तिन्ही विषाणूंची एकत्र लस हर्पिस काढत नाही, पण पुढचे झटके हलके जातात. ती आजारी असताना नाही, नाक जरा निवांत असेल तेव्हा. दारातलं एखादं पिल्लू घरात घ्यायचा विचार असेल तर आधी त्याची लस, भांडी-पांघरूण वेगळं आणि दोन आठवडे वेगळी खोली.

भुसावळची_मनी

जाळीवाला नेब्युलायझर मागवते. क्रिएटिनिनसाठी सोमवारी रक्त द्यायला नेते, फॅमसायक्लोव्हिरचं त्याच वेळी डॉक्टरांशी बोलते. रिपोर्ट आला की आकडे इथेच टाकते.