दशांश अपूर्णांक मुलांना खरंच समजला, हे कशावरून ठरवायचं?

गणितबाई, खानापूर
'४.६३ आणि ४.८ यांतली मोठी संख्या कोणती?' हा प्रश्न आपण चाचणीत सर्रास घालतो. 'जास्त अंक म्हणजे मोठी संख्या' असं मानणारं मूल ४.६३ लिहितं आणि सापडतं. पण 'शतांश लहान असतात, म्हणून कमी अंकांची संख्या मोठी' असं धरून बसलेलं मूल ४.८ लिहून पूर्ण गुण नेतं. म्हणून उत्तराखाली 'का?' विचारा आणि गुण त्या दोन ओळींनाच द्या.

निपाणीचे सर
बाई, नाही पटलं. घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी मुलं आपल्याकडे कमी नाहीत. त्या दोन ओळींत त्यांची भाषाच तपासली जाईल. शिवाय कारणही पाठ होतं की! त्यापेक्षा ४.६३/४.८ सोबत ५.७३६/५.६२ द्या. फक्त पहिलं चुकलं तर जास्त अंकांचा गैरसमज, फक्त दुसरं चुकलं तर कमी अंकांचा. प्रत्येक प्रकारच्या तीन जोड्या हव्यात; तिन्ही निव्वळ अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता आठात एक उरते.

बेळगावकर
बाजारातले भाव घालून विचारा की, मुलांना लगेच कळतं.

निपाणीचे सर
शिकवताना चालेल, तपासताना नको. पैशांत नेहमी दोनच अंक येतात. मुलं रुपये वेगळे, पैसे वेगळे वाचतात आणि गैरसमज झाकला जातो. ४.४५ आणि ४.४५०२ दिलं की हीच मुलं 'दोन्ही सारखेच' म्हणतात.

गणितबाई, खानापूर
सर, तुमच्या जोड्यांनी चूक कोणत्या प्रकारची ते कळतं, हे मान्य. पण शून्य जोडून अंक सारखे करायची युक्ती (४.८ चं ४.८०) शिकलेलं मूल तुमच्या सगळ्या जोड्या बरोबर सोडवेल, आणि ८ दशांश म्हणजेच ८० शतांश हे त्याला ठाऊकही नसेल. त्याला विचारा, ०.३ आणि ०.४ च्या मध्ये किती संख्या? कुणी 'एकही नाही' म्हणेल, कुणी ०.३१ ते ०.३९ मोजून 'नऊ'. समज किती खोल आहे ते इथं दिसतं.

निपाणीचे सर
हा प्रश्न उत्तम. पण यात 'का?' कुठं आलं? 'नऊ' म्हणणाऱ्याला ०.३१ आणि ०.३२ च्या मधली एक संख्या लिहायला लावा. ०.३१५ लिहिलं, तर ते पुढं जाऊ शकतं.

गणितबाई, खानापूर
आणि 'असंख्य' हे बरोबर उत्तर नुसतं पाठ करून लिहिणाऱ्याचं काय? तिथं तोंडी विचारावंच लागेल, हवं तर कन्नडमध्ये उत्तर देऊ दे. सगळ्या वर्गाला नको, जोड्या आणि या प्रश्नाची उत्तरं जुळत नाहीत तेवढ्याच मुलांना.