डिझेल इंजिनाच्या एक्झॉस्टचा नवा होज तोटीवर चढत नाही, काय करावे?

प्रश्न

माझ्या सुमारे ९ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवर दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन आहे. त्याच्या एक्झॉस्टमध्ये समुद्राचे पाणी मिसळून धूर थंड केला जातो. मिक्सिंग एल्बोपासून (इंजिनावरचा, धुरात पाणी मिसळणारा वाकडा नळ) वॉटरलॉकपर्यंत (एक्झॉस्टचे पाणी साठवून ते इंजिनात परत जाऊ न देणारा डबा) साधारण ४० सेंटिमीटरचा एक आखूड होज आणि तिथून नौकेच्या मागच्या बाजूच्या निकासापर्यंत जवळजवळ ३ मीटरचा दुसरा, अशी मांडणी आहे. गेल्या काही फेऱ्यांत आखूड होजच्या वरच्या टोकाशी काळसर पाणी झिरपताना दिसले. क्लॅम्प सोडवून पाहिले तेव्हा आतली तार गंजून रबराचे थर सुटू लागल्याचे लक्षात आले, म्हणून दोन्ही होज बदलायचे ठरवले.

आखूड होज काढण्यातच एक पूर्ण दिवस गेला. नवा होज सागरी एक्झॉस्टसाठीच बनवलेला, तारेच्या वेटोळ्यांचा आणि ५० मिलिमीटर आतल्या व्यासाचा आहे. तो वॉटरलॉकच्या तोटीवर (होज ज्यावर चढतो त्या नळीच्या तोंडावर) जेमतेम १ सेंटिमीटर चढतो आणि एल्बोच्या तोटीवर तेवढाही चढत नाही. त्या कोपऱ्यात माझा एकच हात पोहोचतो, त्यामुळे जोर लावायलाही जागा नाही. इतका घट्टपणा स्वाभाविक आहे, की माझे माप चुकले आहे? ग्रीस लावावे का, किंवा एल्बोची तोटी कानशीने थोडी घासून बारीक करावी का? लांब होज अजून जागेवरच आहे, परंतु तो लॉकरमागून दोन आडव्या भिंतींच्या भोकांतून गेलेला असल्याने तो काढल्यावर नवा आत कसा न्यायचा हेही मला सुचत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

घट्टपणा स्वाभाविक आहे, पण आपल्या बाबतीत मापाचीही शंका येते. तोट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी मोजून पाहावा. बऱ्याच जुन्या एल्बोच्या आणि वॉटरलॉकच्या तोट्या २ इंचांच्या, म्हणजे ५०.८ मिलिमीटरच्या असतात. ०.८ मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु घेरात तो सुमारे २.५ मिलिमीटर होतो. साधे रबर तेवढे सहज ताणले जाते, मात्र रबरात रुतलेली पोलादी तार ताणली जात नाही आणि सगळा विरोध तिचाच असतो. त्यावर तोटीवर जुन्या रबराचा पापुद्रा, सीलंट किंवा रंगाचा थर राहिला असेल, तर पाव मिलिमीटर जाडीचा थरसुद्धा व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढवतो. म्हणून तोटी आधी खरवडून, बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करावी आणि मगच मापाचा निर्णय करावा.

कानस मात्र एल्बोला लावू नये. गरम धूर आणि खारे पाणी तिथे एकत्र येत असल्याने एल्बो आतून झिजत जातो, आणि बाहेरून भक्कम दिसणाऱ्या भिंतीत प्रत्यक्षात किती धातू उरला आहे हे बाहेरून कळत नाही. तोटीच्या कडेवरची धार मोडण्यापुरते घासणे ठीक आहे, आणि त्याने फायदाही होतो, कारण धारदार कड होजच्या आतल्या थराला पकडून बसते.

ग्रीसही नको. खनिज तेलापासून बनलेले ग्रीस अनेक प्रकारच्या रबरांना फुगवते. शिवाय ते वाळत नसल्याने होज पुढे इंजिनाच्या थरथरीने सरकू शकतो. भांडी घासण्याचा द्रव साबण पाण्यात कालवून तोटीला आणि होजच्या आतल्या बाजूला लावावा. चढवताना तो निसरडा असतो आणि नंतर वाळून जातो. त्याआधी होजचे टोक उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून ठेवावे आणि बाहेर काढताच चढवावे, कारण ही नरमाई मिनिटभरच टिकते. हीट गनही चालते, पण ती सतत हलती ठेवावी लागते. आपला वॉटरलॉक प्लास्टिकचा असेल तर होज दूर नेऊन तापवावा, तोटीवर गरम हवा अजिबात जाऊ देऊ नये.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तारेचे वेटोळे हे एक प्रकारचे स्प्रिंगच आहे. होज एका दिशेला पिळला की ते आवळते आणि उलट दिशेला पिळला की किंचित उघडते. दोन्हीकडे हलके फिरवून पाहा. ज्या बाजूला सैल वाटेल त्याच बाजूला पिळत पिळत आत ढकला. नुसते सरळ दाबत राहिलात तर होज दुमडेल, चढणार नाही.

दुसरे उत्तर

वरच्या सूचना योग्य आहेत, पण मी वेगळ्या टोकापासून सुरुवात करीन. ४० सेंटिमीटरचा ताठ होज दोन्ही बाजूंच्या पक्क्या तोट्यांवर जागेवरच चढवणे जवळजवळ अशक्य असते, कारण पहिल्या तोटीवर बसवल्यावर दुसरीसाठी मागे सरकायला त्याला वाव उरत नाही. साबण आणि गरम पाणी यांनी घर्षण कमी होईल, लांबीची अडचण सुटणार नाही. म्हणून होज तोटीकडे नेण्याऐवजी तोटीच होजकडे आणावी. इंजिनाचा सीकॉक (समुद्राचे पाणी आत घेणारी झडप) बंद करून वॉटरलॉकमधले पाणी काढून टाका, त्याचे पट्टे सोडा आणि तो बाहेर घ्या. एल्बोही इंजिनापासून मोकळा करा. नंतर उजेडात, टेबलावर, दोन्ही हातांनी आणि पूर्ण ताकदीने होज एल्बोवर बसवा, क्लॅम्प अर्धे आवळा आणि ती जोडगोळी इंजिनावर चढवा. शेवटी उरते ती वॉटरलॉकची तोटी, आणि वॉटरलॉक मोकळा असल्याने तोच होजमध्ये घुसवता येतो.

एल्बो काढायला आपण कचराल हे मी समजू शकतो. त्याचे नट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने धरलेले असतात आणि स्टड तुटण्याची भीती खरी असते. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवा, आणि नट एकदम उलट न फिरवता आधी किंचित आवळून मग सोडवा. पण हे काम टाळू नका, कारण एल्बोच्या आत काय चालले आहे हे पाहण्याची हीच संधी आहे. पाणी जिथे धुरात मिसळते तिथे काजळी आणि क्षार साचून वाट अरुंद होते. इंजिन पूर्ण फेरे घेत नाही, काळा धूर टाकते, आणि दोष मात्र इंधनाच्या पंपाला दिला जातो. गॅस्केट मात्र नवीनच घाला.

इंजिन रबरी माउंटांवर हलते आणि वॉटरलॉक नौकेला घट्ट बांधलेला असतो, हेही ध्यानात घ्या. मधला आखूड होज ताणलेला किंवा तिरका बसला, तर प्रत्येक हेलकावा वॉटरलॉकच्या तोटीवर जातो आणि प्लास्टिकची तोटी मुळाशी चिरते. मधे जागा असेल तर सागरी एक्झॉस्टसाठी बनवलेला, मधोमध फुगवटा असलेला सिलिकॉनचा आखूड होज वापरण्याचा विचार करावा. तो लवचीक असतो आणि चढवायलाही सोपा जातो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. व्हर्नियरने मोजले: वॉटरलॉकची तोटी साफ केल्यावर ५०.२ मिलिमीटर भरली, तर एल्बोची खरवडूनही ५०.९. म्हणजे एल्बो इंचाच्या मापाचा आणि वॉटरलॉक मिलिमीटरच्या मापाचा आहे. आखूड होज आता ५१ मिलिमीटरचा घ्यावा का? एल्बो निघाला. आत पाण्याच्या तोंडाशी निम्म्याहून अधिक वाट काजळीने बुजलेली होती आणि एका बाजूला भिंत इतकी पातळ झाली होती की स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने भोक पडले. मी नवा एल्बो मागवला आहे. लांब होजचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

तिसरे उत्तर

नवा एल्बो हाती आल्यावर त्याची तोटी पुन्हा मोजा आणि मगच होज घ्या. तीही ५०.८ च्या आसपास निघाली तर ५१ चा होज घ्यावा. वॉटरलॉकच्या बाजूला पाऊण मिलिमीटरची ढील राहील, ती चांगल्या प्रतीचे दोन क्लॅम्प आवळून घेतात.

लांब होजसाठी जुना होजच वाटाड्या म्हणून वापरावा. त्याची दोन्ही टोके तोट्यांवरून सोडवा, पण तो ओढून काढू नका. होजच्या आतल्या व्यासाचा, सुमारे १० सेंटिमीटर लांबीचा गोल लाकडी तुकडा घ्या. तो अर्धा जुन्या होजमध्ये आणि अर्धा नव्यात घालून दोन्ही बाजूंनी आखूड स्क्रू मारा आणि सांध्यावर टेप गुंडाळा, म्हणजे स्क्रूंची डोकी भिंतींच्या भोकांत अडकणार नाहीत. लाकूड यापेक्षा लांब घेतले तर वळणात अडकेल. नव्या होजला साबणाचे पाणी लावून एकाने मागून ढकलावे आणि दुसऱ्याने पुढून ओढावे. स्क्रू मारलेला तुकडा नंतर कापून टाकायचा असल्याने होज १५ सेंटिमीटर जास्तच घ्या. कापताना बारीक दातांची करवत वापरा आणि तारेचे टोक रबराबाहेर डोकावणार नाही याची काळजी घ्या, कारण गंज तिथूनच आत शिरतो.

जुना होज तोटीवरून काढण्यासाठी पुन्हा दिवस घालवू नये. तोटी संपते त्याच्या थोडे पुढे तो आडवा कापावा. तोटीवर उरलेल्या कड्याचे बाहेरचे रबर सुरीने तारेपर्यंत चिरावे आणि तारेचे टोक पकडीत धरून ओढावे. स्वेटरचा धागा उसवावा तशी तार वेटोळ्या-वेटोळ्याने बाहेर येते. ती गेली की उरलेले रबर मऊ पडते आणि उभे चिरून सोलता येते. सुरी तोटीपर्यंत खोल जाऊ देऊ नये, कारण फायबरच्या किंवा प्लास्टिकच्या तोटीवरची चीर पुढे गळतीची वाट होते. तारेचे टोक सुटताना जोरात उसळते, तेव्हा चष्मा आणि हातमोजे घालणे आवश्यक आहे.

नव्या होजचा मार्ग जुन्यापेक्षा वेगळा करण्याचा मोह होत असेल, तर आधी पाण्याचा हिशेब करा. ५० मिलिमीटरच्या होजमध्ये प्रत्येक मीटरला जवळजवळ २ लिटर पाणी मावते. इंजिन बंद होताच वॉटरलॉकपासून वरच्या वळणापर्यंतच्या चढत्या भागातले पाणी मागे येते, आणि ते सगळे वॉटरलॉकमध्ये मावले पाहिजे. नाहीतर ते एल्बोमार्गे सिलिंडरांत जाईल. याच कारणाने, काम झाल्यावर इंजिन लगेच सुरू झाले नाही तर सीकॉक बंद करूनच पुन्हा स्टार्टर फिरवावा. स्टार्टरबरोबर पाण्याचा पंपही फिरतो, पण ते पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो, त्यामुळे वॉटरलॉक भरत जातो. इंजिन सुरू होताच मात्र सीकॉक उघडण्यास क्षणभरही विलंब नको, नाहीतर पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारे रबरी पात्यांचे चाक) कोरडा फिरून फाटेल आणि पाण्याविना गरम धूर नव्या होजलाच जाळेल.

पहिले उत्तर देणारे

क्लॅम्पविषयी थोडे राहिले होते. प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प लावावेत. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे मानकही दोनच सांगते. ते ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे आणि आरपार खाचा नसलेल्या पट्टीचे असावेत, दोघांचे स्क्रू समोरासमोर यावेत आणि दोन्ही पट्ट्या पूर्णपणे तोटीवर बसाव्यात. तोटीच्या कडेबाहेर बसलेला क्लॅम्प होज कापतो. इंजिन एकदा तापून निवल्यावर ते पुन्हा आवळावे लागतात, हे विसरू नये.

काम अर्धवट सोडून नौकेवरून उतरायची वेळ आली तर निकासाला बाहेरून लाकडी बूच मारून ठेवा, कारण होज सुटलेला असताना मागून आलेली मोठी लाट थेट आत येऊ शकते. बूच मारले आहे अशी चिठ्ठी इंजिनाच्या किल्लीलाच बांधा.

प्रश्नकर्ता

काम पूर्ण झाले. नव्या एल्बोची तोटी ५०.८ मिलिमीटरची निघाली, म्हणून आखूड होज ५१ चा घेतला आणि दोघांनी मिळून तो टेबलावर पाच मिनिटांत बसवला. घड्याळाच्या उलट दिशेला पिळल्यावर तो स्पष्टपणे सैल होत होता. लांब होज दुसऱ्या भिंतीच्या भोकात अडकला, तेव्हा सांध्यावरची टेप काढून पातळ गुंडाळावी लागली, नंतर तो सरकला. नौका घट्ट बांधून, गियर टाकून इंजिन अर्धा तास चालवले. प्रत्येक सांध्याभोवती पांढरा कागद फिरवून पाहिला, त्यावर ना पाण्याचा थेंब उमटला ना काजळीचा डाग. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बसवला आहे. इंजिन निवल्यावर क्लॅम्प पुन्हा तपासले, तेव्हा आठपैकी तीन जवळजवळ अर्धा फेरा आणखी आवळले गेले.