'समता-काल सममिती' वाचून तुम्हाला काय समजतं?

रंकाळावेस: अकरावी-बारावीच्या मुलांसाठी भित्तिपत्रक करतेय, विषय प्रकाशशास्त्रातली पीटी (पॅरिटी-टाइम) सिमेट्री. मी 'समता-काल सममिती' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी 'सममिती' खोडून 'समरूपता' केलं. समरूप म्हटलं की मुलांना त्रिकोण आठवतात, म्हणून ते मी परत बदलून घेतलं. पण आता 'समता'च खटकतंय. २६ जूनला शाहू जयंतीची समता दिंडी बघत मोठी झालेली ही मुलं. त्यांना 'समता' वाचून डावं-उजवं उलटणं कसं सुचणार? पॅरिटी म्हणजे इथं क्ष च्या जागी उणे क्ष. चांगला शब्द आहे का कुणाकडे?

नववी गल्ली: समताच ठेवा ताई. पॅरिटीचं लॅटिन मूळही समानतेचंच आहे. शिवाय सम-विषमाशी नातं राहतं. क्ष उलटल्यावर फल तसंच राहिलं तर सम, चिन्ह बदललं तर विषम. हे मुलांना येतं.

रंकाळावेस: सर, ते गुणधर्माचं नाव झालं. पीटीमधला पी ही क्रिया आहे. मला क्रियेचं नाव हवंय.

व्याकरणवेडा: माझा आक्षेप मधल्या आडव्या रेघेला आहे. 'समता-काल' हा इतरेतर द्वंद्व. वाचणारा विग्रह करणार 'समतेची आणि काळाची सममिती', म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या शाबूत. तसं आहे का?

नववी गल्ली: अजिबात नाही, आणि सगळी गंमत तिथंच आहे. शेजारी शेजारी दोन वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या वाटा घ्या. एकात प्रकाश वाढतो, दुसऱ्यात तेवढाच घटतो. डावं-उजवं बदललं की वाढ दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे रचना बदलली. नुसता काळ उलटा केला तर वाढीची घट आणि घटीची वाढ होते, म्हणजे पुन्हा बदलली. दोन्ही एकदम केलं तरच मूळ रचना हाती येते. १९९८ साली बेंडर आणि बॉटशर यांनी दाखवलेलं उदाहरण असंच आहे: संवेगाचा वर्ग अधिक आय (उणे एकचं वर्गमूळ) गुणिले क्ष घन. पॅरिटीनं क्ष घनाचं चिन्ह बदलतं, काळ उलटल्यावर आय चं. दोन उणे मिळून अधिक. हॅमिल्टोनियन, म्हणजे ऊर्जेचं सूत्र, हर्मिशियन नाही, म्हणजे ऊर्जा वास्तव संख्येत येण्याची नेहमीची अट पाळत नाही, तरी ऊर्जेच्या किमती वास्तव येतात.

व्याकरणवेडा: मग समाहार द्वंद्वही चालणार नाही. 'मीठभाकर'मध्ये मीठ, भाकर 'वगैरे' येतं. इथं वगैरे काही नाही. 'संयुक्त' हा शब्द आधी जोडाच, नाहीतर मुलं चुकीचं शिकतील.

गुजरीकर: 'लॉस'ला काय लिहिलंय? हानी असेल तर काढा. सोनं आटवताना जे कमी होतं त्याला आमच्याकडं घट म्हणतात. कुणाचं नुकसान झालं असा सूर त्यात नाही. वाढ आणि घट, एवढं पुरे की.

शाहूपुरी: लाभ-हानी परिभाषेत रुळलेली जोडी आहे. संस्कृतमूळ शब्दांना प्रत्यय लागतात, सामासिक शब्द होतात. 'वाढ'पासून गेन-कोइफिशंटला काय करणार?

गुजरीकर: वाढगुणक. अडलं कुठं?

शाहूपुरी: मराठी आणि संस्कृत असा जोड कानाला बरा लागत नाही.

गुजरीकर: मॅडम, 'तपासणी अधिकारी' रोज चालतोच की.

नववी गल्ली: शब्द कुठलाही घ्या, पण 'वाढ आणि घट समान' अशी व्याख्या छापू नका. पीटी सममितीच्या २००९ च्या प्रयोगात वाढ नव्हतीच. दोनांपैकी एकाच वेव्हगाइडवर क्रोमियमची पट्टी होती. घट वाढवत नेली, तर एका टप्प्यानंतर बाहेर पडणारा एकूण प्रकाश कमी होण्याऐवजी वाढू लागला! वाढ आणि घट दोन्ही असलेला प्रयोग २०१० चा, लिथियम नायोबेटमधला.

चिखलीकर: त्या टप्प्याला एक्सेप्शनल पॉइंट म्हणतात ना? 'अपवादात्मक बिंदू' म्हणजे काहीच नाही. तिथं दोन मोड, म्हणजे प्रकाश वाहण्याच्या दोन ठरावीक तऱ्हा, एकच होतात. आमच्या चिखलीच्या प्रयागला नद्या मिळतात तसं. 'संगमबिंदू' म्हणा.

नववी गल्ली: शब्द देखणा आहे, पण संगमापुढं पंचगंगा एकच वाहते. इथं त्या बिंदूपलीकडं पुन्हा दोन मोड होतात, एक वाढणारा, एक विरणारा.

चिखलीकर: नाव बिंदूला द्यायचंय, पुढच्या प्रवाहाला नाही. त्या जागी संगम आहे ना? मग झालं.

रंकाळावेस: 'संयुक्त' घेते, 'घट'ही घेते. पण 'समता'चं काय? 'दिक्-पालट' कसं वाटतं?

व्याकरणवेडा: दिक् म्हणजे दिशा. तुम्हाला स्थान उलटायचंय.

शाहूपुरी: 'हर्मिशियन'कडं कुणाचं लक्ष नाही का? ज्याच्या नावावरून तो शब्द आला तो गणितज्ञ शार्ल एर्मीत फ्रेंच होता, त्याच्या नावात ह चा उच्चारच नाही. 'एर्मितीय' लिहा.

नववी गल्ली: वर्गात चाळीस मुलांपुढं एर्मितीय म्हटलं तर एकालाही पुस्तकातला शब्द ओळखू येणार नाही. हर्मिशियनच ठेवा.

शाहूपुरी: ओळखीचा आहे म्हणून चुकीचा उच्चार पुढच्या पिढीला द्यायचा का सर? मग ताईंनी ओळखीची 'समरूपता' तरी का खोडली?