चांदी भरणं बंद केलं, तरी सांडपाण्यात पारा कुठून?

दाढवैद्य: माझा दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना आहे. चार वर्षांपूर्वी चांदी भरणं पूर्ण बंद केलं, आता सगळं दातांच्या रंगाचं कॉम्पोझिट. तरी सांडपाण्याच्या अहवालात पारा मर्यादेच्या वर! नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. आणि मनातलं विचारूनच टाकतो: पुढे केंद्रात पाण्यावर प्रक्रिया होतेच ना? माझ्या चिमूटभराने काय बिघडतं?

गाळकरी: मी अशाच एका केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. आमच्या टाकीतले जिवाणू मैला खातात, पारा खात नाहीत. मूलद्रव्यच ते, मोडून मोडून कशात मोडणार? बराचसा गाळाला चिकटून खाली बसतो. तो गाळ शेतात गेला तर मातीत, जाळला तर धुरावाटे हवेत. उरलेला पाण्याबरोबर नदीत. तिथे तळच्या चिखलातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो माशांत साठत जातो.

आता तुमचं. नवी चांदी भरत नाही, पण जुनी काढता ना? ती चांदी म्हणजे अमाल्गम, त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा. कोरताना उडालेले मोठे तुकडे खुर्चीजवळची जाळी अडवते, पीठ मात्र तोंडातलं पाणी ओढणाऱ्या सक्शनमधून थेट गटारात. त्यासाठी सेपरेटर लागतो. आयएसओ १११४३ प्रमाणे तपासलेला किमान ९५ टक्के अमाल्गम अडवतो. आणि हत्यारं धुता त्या बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे गाळ साचणारी ती बाटली, शेवटचा कधी उघडला होता?

पानापक्कड: उघडण्याआधी खाली रुंद टब ठेवा. मी एकदा जुन्या प्रयोगशाळेतला ट्रॅप सोडवला, तर तळाशी पाऱ्याची गोळी लोळत होती. नशीब, फरशीवर नाही पडली. ट्रॅप दुसऱ्या बेसिनमध्ये धुवायला नेऊ नका, लोक हमखास तेच करतात.

दाढवैद्य: उघडला. मूठभर राखाडी चिखल, हातमोज्यातून चोळला तर करकरीत. चार वर्षांपूर्वीची चांदी अजून तिथेच बसली होती! सेपरेटर मागवतोय.

गाळकरी: तो चिखल घट्ट झाकणाच्या बरणीत, वर चिठ्ठी लावून, पारा परत काढणाऱ्यांकडे द्या. जाळायच्या कचऱ्यात अजिबात नको. एक राहिलंच, सक्शनच्या नळ्या कशाने धुता?

दाढवैद्य: हायपोने, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचने. रोज रात्री.

गाळकरी: मग तिथेही गळतंय. क्लोरीन नळीत साचलेल्या अमाल्गममधला पारा विरघळवतो आणि विरघळलेला पारा सेपरेटरला सापडत नाही, तो फक्त कण धरतो. क्लोरीन नसलेलं, ६ ते ८ सामूचं द्रावण घ्या.

फार उपदेश केला, आता आमचीही गोष्ट ऐका. पाणी किती घाण ते मोजायच्या सीओडी चाचणीत आम्हीच पारा घालतो. २० मिली नमुन्याला ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे पाव ग्रॅमहून जास्त पारा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने एका नमुन्याचा पारा चाळीस हजार लिटरला पुरून उरतो. मी तो कॅनमध्ये वेगळा साठवतो. माझ्या आधीचे सरळ सिंकमध्ये ओतायचे.

त्या सिंकचा ट्रॅप मीही अजून उघडलेला नाही. उद्या टब घेऊन जातो.