कर्जमर्यादा वाढली म्हणून मोठे घर घ्यावे काय?

आदरणीय काका आणि मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार,

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आम्ही नऊ लाख डॉलरचे एक घर पाहिले आहे. गेल्या वर्षी याच किमतीचे घर पाहिले, तेव्हा दहा टक्के पदरचे भरूनही कर्ज ८,१०,००० होत होते आणि मर्यादा ८,०६,५०० असल्यामुळे अवघ्या साडेतीन हजारांसाठी ते ‘जंबो’, म्हणजे मर्यादेबाहेरचे कर्ज, ठरले. २०२६ साठी मर्यादा ८,३२,७५० झाली असून आता साडेसात टक्के भरले तरी पुरेल, असे लोन ऑफिसर म्हणतात. सरकारनेच मर्यादा वाढवली आहे, तर आणखी मोठे घर पाहावे असे ह्यांचे मत आहे. ग्रीन कार्डाची रांग संपलेली नाही, ह्यांचा एच-१बीच चालू आहे, त्यामुळे मला धीर होत नाही.

आपली,
फ्रिस्कोहून एक सभासद

---

प्रिय ताई,
स. न.

आपल्याला किती कर्ज पेलेल, याच्याशी या मर्यादेचा काही संबंध नाही. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्था केवढ्या रकमेपर्यंतची कर्जे विकत घेऊ शकतात, एवढेच ती सांगते. त्यांना विकता येणारे कर्ज बँक थोड्या डाउन पेमेंटवरही देते. जंबोसाठी मात्र बहुधा जास्त डाउन पेमेंट आणि कित्येक महिन्यांच्या हप्त्यांएवढी शिल्लक मागते. २००८ च्या कायद्याप्रमाणे घरांच्या किमतींचा निर्देशांक चढला की मर्यादा चढते, उतरला तर ती आहे तिथेच थांबते. घरे महागली म्हणून आकडा वाढला, यात मेहेरबानी कोणाचीच नाही.

तुमच्या घरासाठी गेल्या वर्षी मर्यादेत बसायला ९३,५०० भरावे लागले असते, आता ६७,२५० पुरतील. मधले २६,२५० कुठे गेले? कर्जात. साडेसहा टक्के दर धरला तर त्यांचे तीस वर्षे दरमहा सुमारे १६६ डॉलर होतात आणि वीस टक्क्यांहून कमी भरल्यामुळे पीएमआय, म्हणजे कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाई देणारा पण आपण हप्ते भरायचा विमा, लागतो तो निराळाच.

शिवाय वाढीव कर्जाची सोय तुमच्याबरोबर बोली लावणाऱ्या इतरांनाही मिळालेली असते, आणि विकाऊ घरे मोजकीच असली तर ती रक्कम बोलीत चढून विकणाऱ्याच्या खिशात जाते. २००८ मध्ये महागड्या भागांसाठी मर्यादा तात्पुरती ७,२९,७५० केली होती. ती ३० सप्टेंबर २०११ नंतर ६,२५,५०० वर येणार म्हणून त्या उन्हाळ्यात सॅन होजेतील आमच्या गल्लीत, एरवी महिनाभर काथ्याकूट करणारी माणसे आठवड्यात सह्या करून मोकळी झाली. मीही त्यांतलाच एक, म्हणून सांगतो.

कोणी एफएचए, म्हणजे सरकारी विम्याचे कर्ज, सुचवले तर लक्षात असू द्या की २५ मे २०२५ पासून एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील लोकांना ती वाट बंद झाली आहे. फॅनी-फ्रेडीची वाट कायदेशीर वास्तव्य असणाऱ्यांना खुली आहे, त्यामुळे तुमच्या दृष्टीने हीच मर्यादा महत्त्वाची.

आपला,
काका

---

आदरणीय काका,

आपले पत्र ह्यांना वाचून दाखवले. बोली त्याच घरावर लावायची आणि नव्वद हजारच भरायचे, असे ठरले. ८,१०,००० चे कर्ज आता मर्यादेत बसते आणि जंबोसाठी अडकून पडली असती ती शिल्लक नोकरीचे काही बरेवाईट झाले तर हाताशी राहील. एक शंका उरली आहे. जाहिरातीत दिलेला मालमत्ता कर सध्याच्या मालकाच्या होमस्टेड (स्वतःच्या राहत्या घरावरील) सवलतीसह आहे, आणि ते त्या घरात अकरा वर्षे राहत आहेत. घर आमच्या नावावर झाल्यावर नव्याने मूल्यांकन होऊन तो कितीवर जाईल, याचा अंदाज अलीकडे फ्रिस्कोत घर घेतलेल्या कोणी सभासदांनी शनिवारपूर्वी कळवला तर फार उपकार होतील.

आपली,
फ्रिस्कोहून