समुद्र लांब आहे, पण पाऊस तिथलाच

वर एका सदस्याने लिहिलंय की सोलापूरकरांनी समुद्राची चिंता कशाला करायची, मुंबईपासून चारशे किलोमीटर आत आहोत. थोडी भर घालतो.

आपल्याकडचा पाऊस येतो समुद्रावरूनच. जून-जुलैतलं बाष्प बरंचसं सह्याद्रीच उतरवून घेतो, आपल्या वाट्याला नुसते ढग. सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होऊन सरकले, की मग इथे दणकून पडतो. त्या ओलीवर मंगळवेढ्याची ज्वारी येते. २०२३ साली पॅसिफिक तापला, एल निनो आला, आपल्याकडचा पाऊस घटला आणि पुढच्या उन्हाळ्यात उजनी धरण पार उणे पातळीत गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा साठाच उरला. आमच्या गल्लीत पाणी किती दिवसांआड यायचं ते लिहीत नाही, सोलापूरकरांना माहीत आहे!

माशांचं गणितही याच वाऱ्यावर. नैऋत्य मोसमी वारा सोमालियाच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी लोटतो, त्याजागी खालचं थंड, खनिजांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीजीव, माजतात, प्लवकांवर बारके मासे, त्यांच्यावर मोठे. केरळच्या तारली माशाचंही थोडंफार असंच. पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी निम्म्याच्या आसपास प्लवकांसारखे हे समुद्री जीवच बनवतात, झाडांचं कौतुक आपण जरा जास्तच करतो.

आणि हो, मंगळवार बाजारातून आणलेली सुकट कढईत कोरडी भाजताना घरभर जो वास सुटतो ना, तोही तिकडचाच.