टोकियो डोमला मॅच बघायची आहे: बाबांचा कान, आईचे गुडघे आणि बेसबॉलचं स्कोअरबुक

नदीपात्र

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन ताईकडे टोकियोला चाललोय. भाऊजींनी टोकियो डोम या बंदिस्त स्टेडियममधल्या जायंट्सच्या, म्हणजे टोकियोच्या बेसबॉल संघाच्या, मॅचची तिकिटं काढली आहेत. तिथल्याच एका कॉन्सर्टला जावं असंही ताईच्या मनात आहे.

बाबा एकाहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं पुण्यातल्या क्लब क्रिकेटचे स्कोअरर होते. अजूनही टीव्हीवर मॅच लागली की पेन्सिल घेऊन बसतात. बेसबॉललाही स्कोअरबुक असतं हे कळल्यापासून रोज एक प्रश्न विचारतात आणि मला त्यातलं काहीच येत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डोमचं छत हवेच्या दाबावर उभं असतं असं भाऊजी म्हणाले, तेव्हापासून आई धास्तावली आहे. बाबांना आत त्रास होईल का? आईचे गुडघे दुखतात, तिला झेपेल का? आम्ही शाकाहारी आहोत, खाण्याचं काय करायचं? कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.

कर्वेनगर_दुभाषी

मी सहा वर्षं टोकियोत होते, डोमजवळच्या सुईदोबाशी स्टेशनपासून दोन स्टेशनांवर. या डोममध्ये कितीदा गेले असेन ते मोजलेलं नाही. दुभाषी म्हणून पुण्याची माणसं घेऊन गेले, एकटीही गेले.

आधी कान, कारण आईंची काळजी रास्त आहे. ते छत म्हणजे टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचेच्या धाग्यांचं कापड. बाहेरचा थर एक मिलिमीटरहूनही पातळ. वर पोलादी दोरांची जाळी आणि आत पंख्यांनी सतत भरलेली हवा. खांब एकही नाही. पण ते तोलून धरायला आतला दाब बाहेरच्यापेक्षा फक्त ०.३ टक्के जास्त लागतो, म्हणजे इमारतीच्या पहिल्या आणि नवव्या मजल्यावर जेवढा फरक असतो तेवढा. आपण पर्वतीच्या पायऱ्या चढून वर जातो तेव्हा दाब याहून जास्त बदलतो. विमानात तर कितीतरी पटींनी. तेव्हा कानाच्या डॉक्टरांना विमानप्रवासाबद्दल विचारा. त्यांनी तो करायला हरकत नाही म्हटलं, तर डोमची चिंता सोडा.

जपायचं ते बाहेर पडताना. आत जाताना फिरती दारं असतात, हवा निसटू नये म्हणून. मॅच संपल्यावर गर्दीसाठी साधी दारं उघडतात आणि आतली हवा बाहेर धावते. पाठीला कोणीतरी तळहात लावून ढकलावं तसं वाटतं. पहिल्यांदा गेले तेव्हा माझी ओढणी पुढच्या माणसाच्या खांद्यावर जाऊन पडली होती. आईंचा हात धरा, बाबांची टोपी आणि वही पिशवीत ठेवा.

वरच्या मजल्यावरच्या रांगा फार चढ्या आहेत. भाऊजींना सांगा, खालच्या मजल्यावरची, वाटेच्या कडेची जागा मिळते का पाहा. सुईदोबाशी स्टेशनच्या पश्चिमेच्या दाराने निघालात की पादचारी पुलावरून पाच मिनिटांत डोम.

खाण्यासाठी दशम्या आणि लिंबाचं लोणचं न्या. मॅचला मी नेहमी न्यायचे, कधी कोणी अडवलं नाही. काचेची बाटली किंवा कॅन मात्र आत नेऊ देत नाहीत. २०२२पासून तिथे रोख पैसे चालत नाहीत, ताईकडून सुइका कार्डात (रेल्वेचं प्रीपेड कार्ड) पैसे भरून घ्या.

आता बाबांचं. त्यांच्यासाठी तर मी आनंदाने लिहिते. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) २, पहिला बेस (बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा) ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. जर्सीवरच्या नंबरशी याचा संबंध नाही. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकला, त्याने पहिल्याकडे, दोघे बाद: वहीत ६-४-३. तीन स्ट्राइकवर बाद झाला की K. नऊ डाव, प्रत्येक डावात दोन्ही संघांचे तीन-तीन बाद. चाळीस वर्षं स्कोअर लिहिलेल्या माणसाला हे अर्ध्या तासात हातात बसेल.

आणि कान देऊन ऐका. जायंट्सची बॅटिंग असताना उजव्या बाजूचे लोक तुताऱ्या वाजवून प्रत्येक खेळाडूचं त्याचं स्वतःचं गाणं म्हणतात. तीन बाद झाले की ते गप्प बसतात आणि डावीकडून पाहुण्यांची गाणी सुरू होतात. दुसऱ्याच्या गाण्यात कोणी आवाज घालत नाही. हजारो माणसं अशी पाळी पाळताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत. मला मॅचपेक्षा तेच जास्त आठवतं.

लवकर जा. २१ नंबरच्या गेटजवळ बेसबॉलचं संग्रहालय आहे. हायकूकार मासाओका शिकी यांना २००२मध्ये तिथल्याच बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे गौरवदालनात, घेतलं. तरुणपणी ते स्वतः खेळायचे, आणि बॅटर, रनर अशा शब्दांना त्यांनी जपानी शब्द दिले. पुढे क्षयाने अंथरुणाला खिळले आणि १९०२मध्ये गेले. बाबांना ते दाखवाच.

एफसी_रोड_एन३

कॉन्सर्टबद्दल मी सांगते, गेल्या वर्षी गेले होते. आई-बाबांना नेऊ नका असं माझं मत. पंचावन्न हजारांच्या आसपास लोक असतात आणि बहुतेक सगळे पूर्ण वेळ उभे. आवाज घुमतो. मी शंभरेक मीटर लांब होते, तर पडद्यावर गायिकेचे ओठ आधी हलायचे आणि सूर मागून यायचा. तुम्ही आणि ताई दोघंच जा. तिकीट ताईच्या नावावरच काढा. माझ्या मैत्रिणीने दुसऱ्याकडून घेतलं, दारात ओळखपत्राशी नाव जुळलं नाही. तीन तास बाहेर पायऱ्यांवर बसली होती बिचारी.

नदीपात्र

दोघींचे मनापासून आभार. आईला पर्वतीचं उदाहरण वाचून दाखवलं, ती एकदम शांत झाली. कॉन्सर्टला मी आणि ताईच जाऊ. बाबांनी शंभर पानी वहीत रेघा मारायला घेतल्यात. त्यांनी एक प्रश्न विचारायला सांगितलाय: चेंडू छताला लागला तर काय लिहायचं?

कर्वेनगर_दुभाषी

किती नेमका प्रश्न! छताला लागून खाली आला तर चेंडू जिवंतच, जमिनीला टेकण्याआधी झेलला तर बाद. वर अडकला तर फलंदाजाला दोन बेस. नोव्हेंबर २०१६मध्ये नेदरलँड्सविरुद्ध जपानच्या ओहतानी या खेळाडूने मारलेला चेंडू याच डोमच्या छतातल्या फटीत शिरला आणि परत आलाच नाही. वर बघत उभ्या राहिलेल्या ओहतानीला पंचांनी दोन बेस दिले. रेघा मारून झाल्या की एका पानाचा फोटो इथे टाका, मला बघायचं आहे.